कंडक्टरकाकांच्या मुठीतली घंटी

मित्रांनो, पितळेच्या वस्तूला भीती वाटते असं कोणी सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा खुशाल. मी मुठीत मावणारी एक जुनी घंटी आहे आणि मुळातच भित्री आहे. साच्यातून काढून, घासूनपुसून कारागिराने मला पहिल्यांदा वाजवलं, तेव्हा मी माझ्याच आवाजाला दचकले होते. तो म्हणाला, "आवाज बारीक आहे, पण लांब जातो. खपेल." एवढंच काय ते माझं बारसं.

सुरुवातीची वर्षं मी एका लॉजच्या टेबलावर काढली. रात्रीबेरात्री येणारे दमलेले प्रवासी मला हाणायचे. हाणायचेच म्हणते मी, वाजवायचे नाहीत. मालक आतून ओरडायचा, "आलो, आलो! घंटी आहे की सासू?" तेव्हा मला राग यायचा, पण आता वाटतं, ते दिवस सुखाचे होते. मी वाजले की कोणीतरी यायचं. घंटीला आयुष्यात दुसरं काय हवं असतं? पुढे लॉज बंद पडला आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात काळी पडत बसले. तिथून मला डॉक्टरबाईंनी उचललं.

या डॉक्टरबाई सुया टोचतात. इंजेक्शनची सुई नव्हे हं. या सुया केसासारख्या बारीक असतात आणि त्यांतून आत काहीच जात नाही. डोक्यावर, मनगटाशी, नडगीच्या बाजूला त्या हलकेच टोचायच्या आणि माणसाने थोडा वेळ शांत पडून राहायचं. बाईंच्या दवाखान्यात एक लांबट खोली आहे. तीत पडद्यांनी वेगळ्या केलेल्या खाटा, स्पिरिटचा वास आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी. सुया टोचलेल्या माणसाला उठता येत नाही. म्हणून ज्या हातात सुई नसेल त्या हातात बाई मला द्यायच्या आणि म्हणायच्या, "काही वाटलं की वाजवा. मी पडद्यापलीकडेच आहे."

किती हातांत गेले मी! घामेजलेले हात, गार पडलेले हात, उगाचच मला खाजवत बसणारे हात. एक आजोबा तर सुया काढल्यावरही मला सोडायला तयार नसायचे. मग एकदा प्रत्येक खाटेशी विजेचं बटण बसवलं गेलं आणि माझी रवानगी खणात झाली. कापूस, तुटका थर्मामीटर आणि मी. खणात अंधार असतो मित्रांनो, आणि अंधारात घंटीला आपण घंटी आहोत याचाच विसर पडायला लागतो. मला वाटलं, आता आपलं संपलं.

मला बाहेर काढलं ते कंडक्टरकाकांसाठी.

काका बसमध्ये कंडक्टर होते. आयुष्यभर उभ्याने काम केलेला माणूस. पुढे त्यांच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले. अशा हृदयात रक्ताच्या बारीक गुठळ्या होतात आणि त्या वाहत जाऊन मेंदूच्या नळ्यांत अडकतात. काकांच्या मेंदूचे छोटे छोटे तुकडे असे उपाशी राहिले होते. त्यांची आठवण हळूहळू पुसट झाली नाही, ती जिन्यावरून उतरावी तशी उतरली. काही महिने सगळं ठीक असायचं आणि एक दिवस धाडकन एक पायरी खाली. एका पायरीला घराचा रस्ता गेला, दुसऱ्या पायरीला मुलीचं लग्न झालंय हेच गेलं. पुढची पायरी कधी येईल आणि तिच्याबरोबर काय जाईल, ही धास्ती काकूंच्या चेहऱ्यावर कायम असायची.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी काकांना रक्त पातळ ठेवणारी गोळी दिली होती, शिवाय आठवणीसाठीही एक. जोडीला सुया करून बघायला त्यांची हरकत नव्हती. डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी काकूंना बजावलं, "काकू, नीट ऐका. सुया गोळीच्या जोडीला आहेत, गोळीच्या बदली नाहीत. गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही."

"नाही हो बाई, कशी चुकवीन?" काकू म्हणाल्या.

विजेचं बटण काकांना काही कळेना. ते दिव्याचं बटण दाबायचे, पंख्याचं दाबायचे, एकदा तर भिंतीतला खिळाच दाबत बसले. तेव्हा बाईंनी खण उघडला, मला पदराने पुसलं आणि काकांच्या मुठीत ठेवलं. काकांनी मला बघितलं मात्र, त्यांचा चेहराच उजळला. त्यांनी मला दोनदा वाजवलं. टण टण!

बाई धावत आल्या. "काय झालं काका?"

"सुटली," काका म्हणाले. "चला, पुढे सरका. मधे जागा आहे."

बाहेरच्या बाकावरून काकूंचं हसू ऐकू आलं, आणि लगेच नाक ओढल्याचा आवाजही. दोन घंटा म्हणजे गाडी सोड, एक घंटा म्हणजे थांबव. बसचा हा नियम काकांच्या डोक्यातून कुठल्याही पायरीला गेला नव्हता. मग हे रोजचंच झालं. सुया टोचून झाल्या की टण टण, गाडी सुटली. खिडकीखालून खरी बस गेली की पुन्हा टण टण. सुरुवातीला बाई दरवेळी धावत यायच्या. नंतर पडद्यापलीकडूनच म्हणायच्या, "जाऊ द्या काका, जाऊ द्या गाडी." बाकीचे पेशंटही हसायचे. मीही हसायचे, पण आतून मला धाकधूक वाटायची. कारण मला माहीत होतं, जी घंटी सारखी वाजते तिच्याकडे लोक हळूहळू बघेनासे होतात.

काकू आधी खाटेशेजारीच बसायच्या. पण काका त्यांना ओळखायचे नाहीत. "अहो बाई, तिकीट?" असं पुन्हा पुन्हा विचारायचे. काकू आपला रिकामा तळवा पुढे करून म्हणायच्या, "पास आहे माझा." काका तळवा नीट निरखायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे. बसा." पाच मिनिटं गेली की पुन्हा, "अहो बाई, तिकीट?" एके दिवशी पास त्यांना पटला नाही. ते चिडून सुयांसकट उठायला लागले. तेव्हापासून काकू बाहेर बाकावर बसायला लागल्या. मुलीचं गाव लांब होतं, त्यामुळे काकांना आणायला आणि न्यायला काकू एकट्याच.

गोळ्या आणि सुया दोन्ही चालू झाल्यावर काही आठवड्यांनी काका जरा सावरले. घरातली न्हाणी कुठे आहे ते त्यांना आपोआप कळायला लागलं. शर्टाची बटणं ते स्वतः लावायला लागले. आणि एके दिवशी काकू त्यांना घ्यायला आत आल्या, तर काका त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले.

"अगं," ते म्हणाले, "तू केव्हा चढलीस?"

मित्रांनो, 'अहो बाई' नाही, 'अगं'! काकू खाटेच्या कडेवर मटकन बसल्या. "मघाशीच चढले," त्या म्हणाल्या, "तुम्ही गर्दीत होतात." मग त्यांनी काकांचा हात असा घट्ट धरला की मधे मी चेपले गेले. मला मुळीच वाईट वाटलं नाही.

पण खरं भय तिथूनच सुरू झालं. काकूंची खात्री झाली की ही सगळी सुयांची किमया आहे. सुया त्यांना डोळ्यांनी दिसत होत्या ना! गोळी बिचारी पोटात जाते आणि गुपचूप काम करते. तिचं काम म्हणजे काहीतरी होऊ न देणं. न झालेली गोष्ट कोणाला दिसते? दिसत होते ते डाग. रक्त पातळ असल्यामुळे सुई काढली की काकांच्या हातावर निळसर डाग उठायचे. बाई सगळ्यांत बारीक सुई वापरायच्या, नंतर कापूस बराच वेळ दाबून धरायच्या, तरी एखादा डाग उमटायचाच. बाई म्हणायच्या, "याला घाबरू नका, चार दिवसांत जाईल."

काकू डागांना घाबरत नव्हत्या. त्या शेजारणीला घाबरत होत्या. हे मला कळलं ते काकूंच्याच तोंडून. एकदा सुया टोचून झाल्यावर त्या काकांच्या अंगावर चादर घालायला आत आल्या. बाई पलीकडच्या खाटेकडे गेल्या होत्या. काकू वाकल्या आणि काकांच्या कानाशी हळूच बोलल्या.

"शेजारीण म्हणाली, मारता की काय हो त्यांना? हसत म्हणाली, पण म्हणालीच. मी मारीन का हो तुम्हाला? म्हणून आज गोळी दिली नाही. सुयांच्या दिवशी नको गोळी. कोणाला सांगू नका."

काका छताकडे बघत होते. ते कोणाला सांगणार? त्यांना सांगणं म्हणजे कोणालाच न सांगणं. पण मी त्यांच्या मुठीत होते आणि मी सगळं ऐकलं.

पुढच्या खेपेला काकू पुन्हा वाकल्या. "बघा, आज डाग नाही पडला. कालपासूनच दिली नाही ना." त्याच्या पुढच्या खेपेला, "आता सुया आहेतच की. गोळी कशाला उगीच?" त्यांच्या आवाजात केवढी माया होती! वाईट हेतूने कोणी काही करत असेल तर त्याचा राग तरी करता येतो. काकूंचा राग कसा करणार? पण मी भीतीने गारठून गेले होते. मला जीभ आहे, पण ती फक्त टण म्हणते. डॉक्टरबाई माझ्यापासून दोन पावलांवर असायच्या, काकांच्या नसलेल्या डागाकडे बघून म्हणायच्या, "वा, या वेळी छान!" आणि मी गप्प. रोज वाटायचं, आज होणार, आज पायरी येणार. काकांची मूठ सैल झाली तरी माझा जीव खालीवर व्हायचा. ते झोपलेत की काही झालंय? ते घोरले की मला हायसं वाटायचं.

आणि मग तो दिवस आला.

दुपार होती. खिडकीतून ऊन खाटेवर आलं होतं. सुया टोचून झाल्यावर काकांनी नेहमीसारखी गाडी सोडली, टण टण. बाई पडद्यापलीकडून म्हणाल्या, "जाऊ द्या काका." थोड्या वेळाने मला जाणवलं की काकांची बोटं विचित्र वागताहेत. आधी करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. मूठ सैल होते तशी नव्हे, बोटांतला माणूसच निघून जावा तशी. काकांचा श्वास जोरात झाला. त्यांनी मला वाजवलं. एकदाच. टण.

त्यांना एकदाच वाजवायचं होतं की दोनदा, हे मला आजही माहीत नाही. लोक म्हणतात, काकांनी गाडी थांबवली. असेलही. मला एवढंच माहीत आहे की दुसऱ्यांदा वाजवण्याची ताकद त्या हातात राहिली नव्हती. मी चादरीवर कलंडले. चादर मऊ होती, त्यामुळे पडतानाही माझा आवाज झाला नाही. काकांच्या तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता. ते काहीतरी म्हणत होते आणि ते शब्द नव्हते. आणि कोणीच येत नव्हतं! पलीकडे बाई कोणाशी तरी पाठदुखीबद्दल बोलत होत्या. रोज वाजणारी घंटी आणखी एकदा वाजली, एवढंच त्यांच्या लेखी झालं होतं. मी ओरडले मित्रांनो, आतल्या आत जीव तोडून ओरडले. आडव्या पडलेल्या घंटीचा आवाज कोणाला येणार?

तेवढ्यात बाहेर बाक करकरला.

"बाई," काकूंचा आवाज आला, "एकच वाजली."

"वाजवू द्या हो काकू. रोजचंच आहे."

"नाही हो, रोज दोन वाजतात. एकदाच वाजली म्हणजे थांबवलीय." आणि उत्तराची वाट न बघता काकूंनी पडदा बाजूला केला. त्यांची किंकाळी मी कधी विसरणार नाही.

बाई क्षणात आल्या. त्यांनी काकांना हात वर करायला सांगितलं. एक हात उठला, दुसरा उठलाच नाही. बाईंनी भराभर सुया काढल्या, रुग्णवाहिका बोलावली आणि मोठ्या इस्पितळात फोन लावला. तिकडून डॉक्टर प्रश्न विचारत होते आणि बाई उत्तरं देत होत्या. केव्हापर्यंत बरे होते? आत्ताच, गाडी सोडेपर्यंत. कोणता हात? डावा. मग बाईंनी फोन कानाशी तसाच धरून विचारलं, "काकू, रक्त पातळ करायची गोळी शेवटची कधी दिली?"

काकूंनी मला चादरीवरून उचललं होतं. का, ते त्यांनाही माहीत नसेल. बुडताना माणूस हाताला लागेल ते धरतो.

"वेळच्या वेळी," काकू म्हणाल्या. "रोज देते."

झालं. बाई फोनमध्ये म्हणाल्या, "चालू आहे, रोज." पलीकडून काहीतरी सांगितलं गेलं आणि बाईंचा चेहरा उतरला. "मग ते इंजेक्शन देता येणार नाही का?" त्यांनी विचारलं. मला तेव्हा नीट कळलं नाही, पण बाईंच्या तोंडावरून एवढं कळलं की एक दार बंद होतंय. आणि ते दार खोट्या किल्लीने बंद होतंय, हे त्या खोलीत फक्त दोघींना माहीत होतं. एक काकू आणि दुसरी मी.

काकूंचा हात थरथरायला लागला. मी त्यांच्या मुठीत होते. हात थरथरला की घंटी वाजते, त्यात माझी काही कमाल नाही. मी बारीक बारीक वाजत राहिले, थांबतच नव्हते. काकूंनी दुसऱ्या हाताने मला दाबलं. तोही हात थरथरत होता. बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. रागाने नव्हे.

"काकू," बाई हळूच म्हणाल्या, "मी काही बोलणार नाही तुम्हाला. फक्त खरं सांगा. यांचा जीव आहे त्यात."

"नाही दिली," काकू म्हणाल्या. मग एकदम मोठ्याने, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात, "नाही दिली हो! दहा-बारा दिवस झाले, दिलीच नाही. डाग पडतात म्हणून. लोक विचारतात म्हणून. मीच मारलं त्यांना, मीच!"

बाईंनी एका हाताने काकूंना जवळ घेतलं आणि फोनमध्ये म्हणाल्या, "ऐका, दुरुस्ती आहे. गोळी बंद आहे. बऱ्याच दिवसांपासून."

रुग्णवाहिका आली आणि काकांना घेऊन गेली. काकू घाईत मला खिडकीत ठेवून गेल्या. तीन दिवस मी तिथे होते. खालून बसगाड्या जात होत्या. प्रत्येक गाडी गेली की मला वाटायचं, आता कोण सोडणार हिला?

काका वाचले. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्यांना वेळेत मिळालं. बाईंनी नंतर काकूंना माझ्यादेखत सगळं समजावून सांगितलं. गोळी चालू असती तर ही गुठळी कदाचित झालीच नसती. आणि गोळी बंद आहे हे लपून राहिलं असतं, तर रक्त जास्त वाहील या भीतीने डॉक्टर तपासण्या होईपर्यंत थांबले असते. तेवढ्यात वेळ निघून गेली असती. काकूंनी हे सगळं खाली मान घालून ऐकलं. बाई म्हणाल्या, "आणि डागाचं मला सांगायचं होतंत हो. मी शेजारणीकडे स्वतः आले असते."

गोळ्यांची घडी नीट बसल्यावर काका पुन्हा यायला लागले. पण जिन्याची एक पायरी गेलीच. त्यांचं तोंड जरा वाकडं राहिलं. ते मला मुठीत धरतात, पण वाजवत नाहीत. गाड्या खिडकीखालून जातात आणि काका नुसते बघतात. काकू एकदा बाईंना म्हणाल्या, "आता तिकीटही विचारत नाहीत हो," आणि तिथेच रडल्या. मलाही रडू आलं, पण पितळेला डोळे नसतात.

तेव्हापासून बाईंनी एक पद्धत पाडली आहे. सुया टोचायच्या आधी, दारातच, सगळ्यांसमोर मोठ्याने विचारायचं, "गोळी दिली?" आणि काकूही मोठ्याने सांगतात, "दिली. सकाळी, पाण्याबरोबर." आता मुलगीही आठवड्यातून एकदा येऊन बघून जाते. हळूहळू मला वाटायला लागलं होतं, आता भ्यायचं कारण नाही.

गेल्या आठवड्यात बाईंनी दारात नेहमीसारखं विचारलं, "गोळी दिली?"

काकू बोलायला गेल्या आणि थांबल्या. त्यांनी काकांकडे बघितलं, स्वतःच्या हाताकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी ओळखते. ते मी काकांच्या चेहऱ्यावर खूपदा बघितलंय.

"बाई," काकू म्हणाल्या, "मला आठवत नाही."

मला वाटलं, आता काकू सावरून घेतील, हसून 'दिली हो, दिली' म्हणतील. तसं म्हणणं किती सोपं होतं! पण त्या तशाच उभ्या राहिल्या. "आज दिली की काल दिलेली आठवतेय, ते कळत नाही," त्या म्हणाल्या. "आणि हे पहिल्यांदा नाही. मला भीती वाटतेय हो बाई."

बाईंनी हातातला ट्रे खाली ठेवला आणि काकूंचा हात धरला. त्या दिवशी काकांना सुया टोचल्या नाहीत. आधी मुलीला फोन गेला. मग काकूंचीच नाडी बघितली, त्यांचा रक्तदाब मोजला आणि त्यांना खाटेवर निजवलं. काका शेजारच्या खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत राहिले. काकूंच्या मेंदूत काय चाललंय, की नुसताच थकवा आहे, ते अजून कळायचं आहे. उद्या त्यांना मोठ्या इस्पितळात दाखवायचं ठरलं आहे. मी खिडकीत बसून उद्याची वाट बघते आहे आणि मला फार भीती वाटते आहे.

मित्रांनो, मी तुमच्या घरी कधी येणार नाही. पण तुमच्या घरातलं एखादं मोठं माणूस एक दिवस स्वयंपाकघरात किंवा दारात थांबेल आणि म्हणेल, "मला आठवत नाही." ते हळूच म्हणेल, तुम्हाला ऐकू जाऊ नये अशा बेताने. तेव्हा हसू नका. रागावू नका. 'असू दे, होतं असं' म्हणून पुढे जाऊ नका. त्या माणसाने स्वतःच्या भीतीपुढे उभं राहून ते म्हटलेलं असतं. हातातलं असेल ते काम टाका आणि उठा.